गाडीला पाणी घ्यायचंय

“गाडीला पाणी घ्यायचंय,” असं म्हणत काका जीप रस्त्याच्या कडेला घेत आणि उजवा हात खिडकीबाहेर काढून संथपणे वरखाली हलवत. मागच्या ट्रकवाल्याला वाटे, म्हातारा ‘पुढे जा’ म्हणतोय. समोरच्याला वाटे, ‘थांब’ म्हणतोय. दोघेही मग आपापल्या परीने काकांच्या मातुःश्रींचा उद्धार करून निघून जात. काका शांत. “उतरा,” ते आम्हाला म्हणत, “पाचच मिनिटं. बघून घ्या.”

जीपला पाणी नको असे. जीपला खरं तर विश्रांती हवी होती, तीही कायमची. काकांनी ती कुठल्याशा सरकारी लिलावात घेतली होती आणि तिचं डावं दार सुतळीने बांधलेलं असे. पाणी घ्यायचंय याचा अर्थ एवढाच, की रस्त्याच्या कडेला काहीतरी बघण्यासारखं आहे आणि ते बघितल्याशिवाय काका पुढे जाणार नाहीत.

तुम्हीही असे प्रवासी पाहिले असतील. पण त्यांच्या आणि काकांच्या थांबण्यात फरक होता. काकांची सगळी नोकरी मालगाडीचा गार्ड म्हणून गेली. मालगाडीचा गार्ड म्हणजे शेवटच्या डब्यात उलट्या तोंडाने बसलेला माणूस. त्याला गाव दिसतं ते गाव मागे पडल्यावर. जत्रा दिसते, पण तिची पाठ. रिटायर झाल्यावर काकांनी रेल्वेचा पास ट्रंकेत टाकला तो परत काढला नाही. “रेल्वेने जन्मभर गेलो,” ते म्हणायचे, “पोचलो कुठेच नाही.”

झाशीच्या सिविल लाइंसमध्ये ते आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत एकटे राहात. लग्न झालेलं नव्हतं, आणि का झालं नव्हतं हे झाशीतल्या झाडून सगळ्या मराठी घरांना माहीत होतं. घरं अशी ती किती. एकाचं दुःख सगळ्यांना पुरवून पुरवून वापरावं लागे.

तर तरुणपणी काकांना एक स्थळ आलं होतं. मुलीचे वडील उरईच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनापाशी राहात. काकांना रजा मिळेना. त्यांनी निरोप धाडला की आमची गाडी तुमच्या स्टेशनात रोज पाणी घ्यायला थांबते, मुलीला घेऊन फलाटावरच या, तिथेच बघणं उरकू. मंडळी आली. मुलगी, आई, वडील, बेसनाच्या लाडवांचा डबा. आणि नेमकी त्या दिवशी इंजिनाने अलीकडेच पाणी घेतलं होतं, पुढे लाइन मोकळी होती, सिग्नल पडलेला होता. गाडी धडधडत स्टेशनातून निघून गेली. स्टेशनातून जाताना गार्डाने हिरवा झेंडा दाखवायचा असतो. काकांनी दाखवला. मुलीच्या वडिलांनी फलाटावरून हात जोडले म्हणे, आणि लाडवांचा डबा तसाच परत नेला.

आमची आई ही हकीकत सांगताना दर वेळी पदराने डोळे पुसायची आणि दर वेळी हसायची. “झेंडा दाखवला हो भाऊजींनी,” एवढं म्हणून तिला पुढे बोलताच येत नसे.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय काकांचं पुढचं सांगता येत नाही. माझंही लग्न ठरत नव्हतं. पुण्याच्या एका बाईंनी माझं बोलणं कौतुकाने ऐकून घेतलं आणि आईला म्हणाल्या, “मुलगा मराठी किती छान बोलतो हो तुमचा. कुठे शिकला?” इंदूरची मंडळी माझ्या डोक्याकडे बघून गप्प झाली. डोक्यावर बघण्यासारखं जे होतं ते भराभर कमी होत होतं. शेवटी आईने स्थळांना पाठवायला माझा कॉलेजातला जुना फोटो शोधून काढला. त्यात केस होते. त्या केसांच्या जोरावर कानपूरचं एक स्थळ चालून आलं, आणि तेही काकांच्या ओळखीने. मुलीचे वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, काकांना दादा म्हणायचे.

“हे शेवटचं,” आई म्हणाली. वडील गेल्यापासून हे खातं तिच्याकडे होतं. “हे नाही जमलं तर मी सोडलं. मग तू आणि भाऊजी, दोघं मिळून जीपला पाणी पाजत बसा.”

काकांनी हे ऐकलं. नुसते चष्मा पुसत राहिले.

कानपूरला चार वाजता पोचायचं होतं. आगगाडीने गेलो असतो तर दुपारच्या जेवणाला तिथे असतो. पण स्थळ काकांचं, तेव्हा जीपही काकांचीच. आईने माझा नवा क्रीम रंगाचा शर्ट आपल्या जुन्या साडीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला. प्रवासात अंगावर कुठला तरी जुनाच घाल, म्हणाली. मी कॉलर उलटवून शिवलेला एक निळा घातला. कानपूरच्या वेशीवर बदलायचं ठरलं होतं.

मोठ नावाचं गाव ओलांडलं आणि हात खिडकीबाहेर गेला.

“भाऊजी, परतताना बघू हो,” आई म्हणाली.

“वहिनी, परतताना गाडीचं तोंड उलटं असतं. उतरा.”

निंबाखाली एक चौथरा, त्यावर शेंदूर फासलेला दगड, आणि वर फांद्यांना घंटेच्या जागी टांगलेले भोंगे. जुन्या ट्रकांचे, रबरी फुग्याचे. नवस फेडायचा तो भोंगा बांधून, आणि दर्शन घ्यायचं ते भोंगा वाजवून. शेजारी एक पुजारी कानात कापूस घालून बसला होता. आई पुढे झाली, डोळे मिटले, ओठ पुटपुटले, आणि तिने हात उंच करून सगळ्यात मोठा फुगा असा दाबला की निंबावरचे कावळे उडाले.

“किसके लिए माँगा, माताजी?” पुजाऱ्याने कापूस काढून विचारलं.

आईने माझ्याकडे बोट केलं. पुजाऱ्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, डोक्यापाशी थोडा थांबला, आणि म्हणाला, “एक बार और बजा लो.”

पुढे कुणी एकाने दोन सायकली एकावर एक जोडून रस्त्यावर उभ्या केल्या होत्या, तिथे थांबलो. कशासाठी जोडल्या ते त्यालाही सांगता येईना. काकांना मात्र फार समाधान वाटलं. मग उरईला गुलाबजाम. “उरईतून गुलाबजाम न खाता गेलेला माणूस मला दाखव,” काका म्हणाले. मी म्हणालो, तुम्हीच, जन्मभर. ते इतके हसले की त्यांच्या हातातला द्रोण कलला आणि त्यातला पाक माझ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत उतरला. आईने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, “जाऊ दे. चांगला शर्ट पिशवीत आहे.”

काकांनी मुलीकडच्यांसाठी मातीचं एक मडकं भरून गुलाबजाम घेतले, तोंडाला कापड बांधलं आणि ते आईच्या मांडीवर दिलं. उरई ते काल्पी, आई ते मडकं सांभाळत आणि माशा हाकलत बसली होती. मी शेजारी होतो. माशांना मडक्यात आणि माझ्यात फरक वाटत नव्हता.

काल्पीला हात पुन्हा बाहेर गेला, तेव्हा आई उतरलीच नाही. “तुमचा रावण तुम्हीच बघा,” म्हणाली आणि पाय पसरून बसली.

काल्पीचा लंका मिनार आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतो. रामलीलेत आयुष्यभर रावण केलेल्या एका गृहस्थाने तो बांधवून घेतला. एवढा उंच बुरूज रावणाच्या नावाने, अंगावर सगळं राक्षसकुळ, अंगणात आडवा पसरलेला कुंभकर्ण. आतून गोल जिना आहे आणि माथ्यापर्यंत जाताना सात फेरे होतात. म्हणून तिथला एक दंडक आहे, सख्ख्या भावाबहिणींनी तो बरोबर चढायचा नाही. सात फेरे एकत्र घेतले की नातं बदलतं.

“तू हो पुढे,” काका मला म्हणाले, “मी आलोच.” आणि ते भलतीकडेच निघून गेले.

कुंभकर्णाच्या पायाशी एक मुलगी उभी होती. फिकट हिरवी सुती साडी, उन्हासाठी कपाळावर धरलेला हात. ती आपल्याशीच म्हणाली, “अगबाई, मिशा केवढ्या.”

झाशीच्या मराठी माणसाला घराबाहेर मराठी ऐकू आलं की त्याचं काय होतं हे पुण्याच्या माणसाला कळणार नाही. परक्या गावच्या बाजारात अचानक आपल्या आईची हाक यावी तसं होतं. माझ्या अंगावर काय आहे हे मी विसरलो.

“रोज पीळ देत असेल,” मी म्हणालो.

तिने वळून पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “झोपेत?”

बोलत बोलत आम्ही मिनाराच्या दाराशी आलो. दारात स्टुलावर एक म्हातारा चौकीदार बसला होता. त्याने काठी आडवी धरली.

“रुको. भाई-बहन संगे नईं चढ़ सकत.”

“हम भाई-बहन नहीं हैं,” मी म्हणालो.

“तो आदमी-लुगाई हौ?”

“नहीं नहीं, पति-पत्नी भी नहीं.”

“तो फिर एक-सी बोली काए बोल रए?” त्याने विचारलं. “हमने तौ जा बोली कबहूँ नईं सुनी. घर की बोली है. घर की बोली घर के बोलत.”

मी त्याला समजावू लागलो. सांगितलं की ही मराठी, दक्षिणेकडे कोट्यवधी लोक बोलतात, आमचे पूर्वज इकडे फौजेबरोबर आले. पूर्वज आले म्हणताच तो म्हणाला, “बोई तौ. एकई खानदान.” मी पेशव्यांपर्यंत गेलो. काठी हलली नाही.

तेवढ्यात ती मुलगी अगदी सहज म्हणाली, “चाचा, ये मुझे देखने आए हैं. इनको अभी पता नहीं है.”

चौकीदाराने काठी खाली ठेवली. मला बसायला काही असतं तर मी बसलो असतो.

“तुम्ही,” मी म्हणालो, “कानपूरच्या.”

“हो. दादाकाकांनी बाबांना फोन करून सांगितलं, मुलीला घेऊन दुपारी काल्पीला या. बैठकीत बघण्यापेक्षा रस्त्यात बघा, म्हणाले. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं.” मग ती म्हणाली, “फोटोतले केस दिसत नाहीयेत. पण कान तेच आहेत.”

अशा वेळी माणसाने काय बोलावं याचा मी नंतर खूप विचार केला आहे. त्या वेळी मी म्हणालो, “माझा शर्ट एरवी असा नसतो.”

“असाच असणार असेल तर आत्ता सांगा,” ती म्हणाली.

आता अंगणाच्या दोन बाजूंनी दोन मिरवणुका आल्या. एकीकडून काका आणि त्यांच्याबरोबर इस्त्रीच्या कपड्यातले एक गृहस्थ, म्हणजे मुलीचे वडील. दुसरीकडून आई. ती पाय मोकळे करायला जीपमधून उतरली होती, मडकं तसंच कडेवर घेऊन, आणि कानपूरहून आलेल्या, फक्त तिनेच पाहिलेल्या फोटोतली मुलगी तिने लांबूनच ओळखली होती. मुलीच्या शेजारी निळा शर्ट आणि त्यावरचा पाकही ओळखला.

“शर्ट पिशवीत आहे हो,” आई येता येताच त्या गृहस्थांना म्हणाली. नमस्कार वगैरे नंतर.

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकांकडे. “दादा, हे काय? घरी तिच्या आईने सांजा केलाय, शेजारच्यांच्या खुर्च्या आणल्यात. तुम्ही म्हणालात म्हणून आलो. आणि मुलगा हा असा? धड शर्ट नाही अंगावर.”

“पिशवीत आहे,” आई पुन्हा म्हणाली.

“साहब,” चौकीदार मध्ये पडला, “जे दोनों ऊपर जा रए ते. सोच लो. चढ़े तौ सात फेरे हो जैहें. फिर हमसें न कहियो.”

हे ऐकून आई दचकली. “सात फेरे? मुहूर्त नाही, याद्या नाहीत, भाऊजी, हे काय आणखी?”

“कुणी वर जायचं नाही,” गृहस्थ म्हणाले. “बेबी, चल. घरी जाऊन बघू काय ते.” त्यांनी ते ‘बघू’ अशा आवाजात म्हटलं की मला कानपूरची दारं लागलेली ऐकू आली. इंदूरला हाच आवाज होता. आईनेही ओळखला. तिचा चेहरा पडला आणि मडकं धरलेला हात खाली आला.

काका गृहस्थांच्या पुढे जाऊन उभे राहिले. हात वगैरे जोडले नाहीत. ड्यूटीवर असल्यासारखे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “गाडी उभी आहे. उभी आहे तोवर चढू दे ना.”

एवढंच. गृहस्थ रेल्वेतले. ती फलाटाची हकीकत रेल्वेत कुणाला माहीत नव्हती? त्यांनी काकांकडे पाहिलं आणि मग कुंभकर्णाकडे बघत राहिले.

मुलगी म्हणाली, “बाबा, मी वर जाते. मला यमुना बघायचीय. यांना यायचं तर यावं.” आणि पदर खोचून ती दारातून आत गेली.

मी आईकडे पाहिलं. आईने एवढंच म्हटलं, “बघतोयस काय?”

आत अंधार होता, जिना अरुंद होता, आणि माझा श्वास दुसऱ्या फेऱ्यातच संपला. पुढून तिच्या चपलांचा आवाज येत होता.

“गुलाबजाम किती खाल्ले?” आवाजाने विचारलं.

“तीन.” खरं तर पाच होते. पण सात फेऱ्यांतल्या तिसऱ्यातच सगळं सांगून टाकायचं नसतं.

“आम्हाला आणले?”

“मडकं भरून.”

“मग बरं.” थोड्या वेळाने पुन्हा, “मला पुण्याला वगैरे जायचं नाहीये. तिथले लोक माझ्या मराठीला हसतात.”

“तुम्हाला पण?” मी म्हणालो, आणि उरलेले फेरे कसे चढलो ते मला आठवत नाही.

माथ्यावरून यमुना दिसली, पूल दिसला, खाली अंगणात तीन ठिपके दिसले. आईने मडक्याचं कापड सोडलेलं होतं. इस्त्रीचा ठिपका जरा वाकून उभा होता, म्हणजे पाक अंगावर सांडू नये अशा बेताने खात होता. काका वर बघत होते. बाकी कुठेच बघत नव्हते.

खाली आलो तेव्हा गृहस्थांनी बोटं पुसत विचारलं, “काय बेबी?”

ती विचार केल्यासारखं करून म्हणाली, “चढताना सात झाले. पण उतरताना उलटे सात झाले. म्हणजे काहीच झालं नाही की.”

सगळे चौकीदाराकडे बघू लागले. त्या क्षणी माझं सगळं आयुष्य त्या म्हाताऱ्याच्या हातात होतं, आणि त्याच्या हातात आईने दिलेला गुलाबजाम होता. त्याने तो तोंडात टाकला, सावकाश खाल्ला, आणि निकाल दिला.

“उतरत के नईं गिने जात.”

“ऐकलंत बाबा?” ती म्हणाली.

चार वाजता कानपूरला रीतसर कार्यक्रम झाला. मी क्रीम रंगाचा शर्ट घातला होता. तिने खाली मान घालून सांजा आणून दिला. तिच्या आईने मला छंद विचारले. आत्ताच भेटतोय असं सगळ्यांनी इतकं छान वठवलं की तिच्या आईला काल्पीचं कळलं ते लग्नानंतर, आणि ती अजून आमच्यावर थोडी रागावलेली आहे.

लग्न कानपूरलाच झालं. वऱ्हाड आगगाडीने गेलं. काका अर्थात जीपने निघाले, आणि वाट वाकडी करून गुरसरायहून आमच्या एका आत्याबाईंना आणायचं त्यांनी आपणहून पत्करलं. मुहूर्ताला ते नव्हते. मंगलाष्टकं झाली, जेवणं बसली, काका नाहीत. नंतर आत्याबाईंनी सांगितलं की वाटेत तळं दिसलं, सुपारीवर गणपती कोरणारा माणूस दिसला, उरई तर होतीच. “बाई गं, मला इतकं कुणी कधी दाखवलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. त्या जन्मात दोनदा गुरसरायच्या बाहेर पडलेल्या.

हा रस्ता आता चौपदरी झाला आहे आणि गावांना वळसा घालून जातो. काकाही गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. त्यांना कुणी जवळचं नव्हतं, तेव्हा मागचं सगळं आमच्याच घरी झालं. तेराव्याला भिंतीशी पाटावर ठेवायला फोटो हवा म्हणून शोधाशोध सुरू झाली. आमच्याकडे फोटो पुष्कळ निघाले. भोंग्यांच्या झाडाखाली आई, दुमजली सायकलीशेजारी मी, कुंभकर्णाच्या पोटाला टेकलेली आमची मुलं. सगळे काकांनी काढलेले. त्यामुळे काका एकातही नव्हते.

शेवटी बायकोने आमच्या लग्नातला मोठा फोटो आणला. मंडपाच्या पायऱ्यांवर सगळे ओळीने उभे आहेत. आई, सासरे, सासूबाई, मधे आम्ही दोघं मुंडावळ्यांसकट. आणि झाडून सगळ्यांनी मान डावीकडे वळवलेली आहे. कॅमेऱ्याकडे एकजण बघत नाहीये. माझं तोंड हसून उघडं पडलं आहे, सासऱ्यांनी हात वर केला आहे. त्या क्षणी फाटकातून जीप आत येत होती. फोटोवाल्याच्या रिळातला तो शेवटचा फोटो होता, दुसरा निघाला नाही.

“हाच ठेवू,” बायको म्हणाली. “यात आहेत ते.”

मी हार घेऊन पुढे झालो तर आईने माझा हात धरला. लग्नाच्या फोटोला असा हार घालायचा नसतो. मग तिने हारातलं एक झेंडूचं फूल तोडलं आणि फ्रेमच्या बाहेर, डाव्या अंगाला, पाटाच्या रिकाम्या कोपऱ्यावर ठेवलं. आम्ही सगळे फोटोतून तिकडे बघत होतो.